पक्ष्यांचे सोबती डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामांनी त्यांना वाढविले.

लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतात तर काय, तिचा गळा पिवळा! मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलर्डसाहेबांनी पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखविले. तेव्हापासून पक्ष्यांचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही.

१९५९ पासून त्यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. पक्षी जाळ्यात धरायचा, पायात नंबराचे हलके कडे घालायचे अन् सोडून द्यायचा. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे दूर सैबेरियात सापडली. पाहुणे पक्षी कुठून येतात ते असे कळले.

२० जून १९८७ रोजी ते वारले. आपल्या जिल्ह्यातील नवेगावबांधच्या पक्षी अभयारण्याला त्यांचेच नाव आहे. धान कापणीनंतर तलावांवर पाहुणी बदके दिसतात. त्यांच्यावर गुलेल मारू नका. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे दिसले, तर हात न लावता गुरुजींना सांगा. त्या नंबरावरून तो कुठला प्रवासी, ते कळते.