वीर नामदेव जाधव

नामदेव जाधव यांचा जन्म १९२१ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज या खेड्यात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत साधे शिपाई होते. कंपनीच्या नायकाचे निरोप पोचविणे, एवढेच त्यांचे काम.

९ एप्रिल १९४५ रोजी त्यांची कंपनी इटलीतील सेनिओ नदी ओलांडीत होती. पैलतीर जवळ येताच जर्मनांच्या मशीनगनांचा भडिमार सुरू झाला. नामदेवांसोबतचे कित्येक जवान ठार झाले, उरलेले जखमी झाले. एकटे नामदेव तेवढे बचावले. कोणाचा हुकूम नसताना त्यांनी एका जखमीला उचलले आणि खोल पाण्यातून, उभा चढ चढून, सुरुंग पेरलेल्या वाटेने सुखरूप ठिकाणी नेले. लगेच परतून दुसऱ्यालाही आणले.

खरे पाहता एवढ्यानेही त्यांचे कर्तव्य पुरे झाले असते. पण पडलेल्या सोबत्यांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. ते तिसऱ्यांदा नदीपार गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालविणे अशक्य झाले, तेव्हा हातबॉम्ब फेकून त्यांनी शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. मग बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. साऱ्या तुकड्या नदी उतरून आल्या.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. १९८४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.