अँजेलो द फोन्सेका : आपल्या मातीचा चित्रकार

इटलीत तेराव्या-चौदाव्या शतकांत लाकडी फळ्यांवर येशूच्या क्रूसारोहणाची चित्रे काढली जात. फळीवर पांढरा लेप द्यायचा, त्यावर सोन्याचा वर्ख लावायचा आणि अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी चित्र रंगवायचे, अशी ती पद्धत होती. मध्ये क्रूस, एका बाजूला माता मरिया, दुसऱ्या बाजूला शिष्य योहान. या चित्रांत एक गंमत आहे. घटना जेरुसलेमची, पण क्रूसाजवळचे रोमन शिपाई पुष्कळदा चित्रकाराच्या काळातील इटालियन शिपायांचे चिलखत घालून उभे असतात. प्रत्येक चित्रकाराने ती घटना आपल्याच गावात घडल्यासारखी रंगवली आणि कोणी त्याला नावे ठेवली नाहीत.

हेच काम आपल्याकडे एका गोमंतकीय चित्रकाराने केले, तेव्हा मात्र त्यांना गाव सोडावे लागले. त्यांचे नाव अँजेलो द फोन्सेका.

त्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावर एका सधन कॅथलिक कुटुंबात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. शालेय शिक्षण बेळगाव आणि पुणे येथे झाल्यावर ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तिथल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. भारतीय चित्रकला भारतीय गुरूंकडूनच शिकायची, असे ठरवून ते बंगालला गेले. तेथे त्यांना अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस असे थोर गुरू लाभले.

१९३१ च्या सुमारास ते गोव्याला परतले. त्यांच्या चित्रांतील माता मरिया साडी नेसलेली, सावळी, आपल्या घरातल्या आईसारखी होती. गोव्यातील प्रतिष्ठित मंडळींना आणि धर्मगुरूंना हे रुचले नाही. मरियामाता म्हणजे गोरी आणि निळा झगा घातलेलीच असायला हवी, अशी समजूत रुजली होती. साडीतली मरिया त्यांना अपमान वाटली. विरोध वाढला. चित्रे बदलणे सोपे होते, पण फोन्सेका यांनी चित्रे बदलली नाहीत, गाव बदलले.

ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागले. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने स्थापन केलेला हा आश्रम अँग्लिकन पंथाचा, तर फोन्सेका कॅथलिक. तरीही आश्रमाने त्यांना जागा दिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासकार फादर हेरास यांनीही त्यांना प्रोत्साहन दिले. आश्रमाच्या साध्या वातावरणात त्यांनी मुख्यतः जलरंगांत शेकडो चित्रे काढली. त्यांतील माणसे अनवाणी चालतात, मांडी घालून बसतात. बाजूला समई तेवत असते.

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये कॅथलिक धर्मसभेची मोठी परिषद भरली. प्रत्येक देशातील कला आणि भाषा यांना चर्चमध्ये मान मिळावा, असा विचार तिथे पुढे आला. फोन्सेका हे तीस वर्षांपूर्वीपासून करत होते. २८ डिसेंबर १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची बरीच चित्रे गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आली. ज्या गोव्याने त्यांना दूर लोटले, तिथेच आज त्यांची चित्रे जपली जातात.

आपण कॅडेट शौर्य म्हटले की रणांगणच डोळ्यांसमोर आणतो. शत्रू समोर असला की निदान आपली पलटण पाठीशी असते. फोन्सेका यांच्या समोर उभी होती ती त्यांचीच माणसे. त्यांनी कोणाला उलट शिव्या दिल्या नाहीत, धर्म सोडला नाही आणि हातातला कुंचलाही खाली ठेवला नाही. हे धैर्य शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात नाही. ते अशा चरित्रांतूनच घ्यावे लागते.