आगगाडीतील गोड शब्द



आमच्या उटनूरची मुले मराठी, तेलुगू व गोंडी बोलतात. चिडवण्याचे शब्द मात्र तिन्ही भाषांतले लवकर उचलतात. त्यांना गोष्टीच्या वेळी रेव्ह. नारायण वामन टिळकांचे चरित्र अवश्य सांगावे.

टिळकांचा जन्म 1861 साली कोकणात करजगावी झाला. वडील कडक, आई जानकीबाई प्रेमळ. आईचे छत्र बालपणीच हरपले. पुढे ते नामांकित कवी झाले, पण स्वभाव शीघ्रकोपीच राहिला.

1893 साली ते आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यातील एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना अदबीने जागा दिली, संस्कृत काव्याविषयी आपुलकीने संभाषण केले व नवा करार भेट दिला. इंग्रजी अमदानीत असा मान विरळाच! त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावून गेले. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांची भक्तिगीते आपल्या मंडळ्या आजही गातात. 1919 साली ते प्रभूकडे गेले.

गोष्ट संपल्यावर बाके मांडून आगगाडीचा डबा करावा. प्रत्येक मुलाने सरकून शेजाऱ्याला जागा द्यावी व एक गोड शब्द बोलावा. पहिला शब्द शिक्षकाचा असावा. आपणच मुलांवर खेकसलो, तर गोष्ट वाया गेली.

 त्या प्रवाशाच्या शब्दांचे फळ सर्व महाराष्ट्राने पाहिले.