ऑर्गनवादक बाख

इ. स. १७०५ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील आर्नश्टाट गावचा वीस वर्षांचा एक ऑर्गनवादक चार आठवड्यांची रजा घेऊन उत्तरेकडे पायी निघाला. ल्यूबेक शहर तेथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. तेथील वृद्ध वादक बुक्स्टेहूड ह्याचे वादन ऐकावे व त्याच्यापासून काही शिकावे, एवढाच त्याचा हेतू होता. चार आठवड्यांची रजा चार महिन्यांवर गेली. परत येताच चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जाब विचारला. शिवाय त्याच्या नव्या चमत्कारिक वादनामुळे उपासक गाताना गोंधळतात, असाही ठपका ठेवला. नोकरी धोक्यात घालून शिकावयास गेलेला हा तरुण म्हणजे योहान सेबास्टियन बाख.

बाखचा जन्म मार्च १६८५ मध्ये आयझेनाख येथे झाला. घराणेच वादकांचे. परंतु तो दहा वर्षांचा होण्यापूर्वीच आई आणि वडील दोघेही वारले व ओर्डरूफ येथील थोरल्या भावाने त्याचा सांभाळ केला. भावाजवळ नामांकित वादकांच्या रचनांची एक वही होती. ती तो धाकट्याच्या हाती देत नसे. मुलाने कपाटाच्या जाळीतून ती हळूच ओढून काढली आणि सहा महिने चंद्रप्रकाशात बसून तिची नक्कल केली. भावाला हे कळताच त्याने ती नक्कल काढून घेतली, अशी हकीकत बाखच्या मृत्युलेखात आहे. तरीही भावाला दोष देण्याची घाई करू नये. बाखची बोटे पट्ट्यांवर प्रथम त्यानेच फिरविली होती.

हा ऑर्गन आपल्या नाटकमंडळ्यांत वाजत असे तसा नव्हे. चर्चमधील ऑर्गनला शेकडो नळ्या असतात. त्या काळी त्याचे भाते हलविण्यास माणसे लागत. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी, आणि पायांनी वाजवावयाच्या पट्ट्या निराळ्या. बाखच्या पायांची चपळाई पाहून लोक थक्क होत. नवा ऑर्गन बांधला की परीक्षेसाठी त्याला बोलावीत. तेव्हा तो प्रथम सर्व नळ्यांचे सूर एकदम मोकळे सोडून वाद्याची फुप्फुसे भक्कम आहेत की नाहीत ते पाही!

१७१७ मध्ये वायमारची नोकरी सोडण्याचा हट्ट धरल्याबद्दल तेथील ड्यूकने त्याला सुमारे चार आठवडे कोठडीत ठेवले. पुढे तो कोथेनच्या राजपुत्राकडे गेला. १७२० मध्ये राजपुत्राबरोबरच्या प्रवासाहून तो परतला, तेव्हा पत्नीचे दफनही होऊन गेले होते.

त्या काळी वाद्ये अशी लावीत की काही पट्टींत ती गोड वाजत व काही पट्टींत कर्कश. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बाराही सुरांना षड्ज मानून वाजविता येईल असे वाद्य लावले, तर काय साधते, हे बाखने १७२२ च्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' ह्या चोवीस रचनाजोड्यांच्या संग्रहात दाखविले.

१७२३ मध्ये तो लाइपझिगच्या शाळेत संगीतशिक्षक झाला, तोही दुसरे दोघे न मिळाल्यामुळे. नगरसभेशी त्याचे कधीच पटले नाही. दोन पत्नींपासून झालेल्या वीस अपत्यांपैकी दहाच मोठी झाली. अखेरीस दृष्टी गेली. डोळ्यांवरील दोन शस्त्रक्रिया फसल्या, आणि २८ जुलै १७५० रोजी तो मरण पावला. त्याच्या रचनांच्या सुंदर नकला करणारी त्याची दुसरी पत्नी ॲना माग्दालेना १७६० मध्ये वारली, ती धर्मादायावर जगत असताना.

लोकांनी त्याला वादक म्हणून मानले; रचना मात्र जुन्या वळणाच्या म्हणून बाजूला पडल्या. १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेलसोनने बर्लिन येथे त्याची एक मोठी रचना पुन्हा सादर केली, तेव्हा लोक जागे झाले. १९६८ मध्ये, प्रोग्रेसिव्ह रॉक ह्या संगीताच्या आरंभकाळी, 'नाईस' वाद्यवृंदाच्या कीथ एमर्सनने बाखची तिसरी ब्रँडेनबुर्ग रचना विजेच्या ऑर्गनवर आपल्या ढंगाने वाजविली. त्याच वर्षी वेंडी कार्लोस यांनी तीच रचना मूग सिंथेसायझरवर बसविली. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघे. म्हणून बाखने गुंफलेली एकेक सुरावट निराळी वाजवून फितीवर एकीवर एक चढवावी लागली.