रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : भांडारातून श्रमिकांच्या सभेपर्यंत

जुन्नरच्या लेण्यांवर विद्यार्थ्यांची सहल नेली की मुलांचे डोळे चैत्यगृहांच्या कमानींकडे वळतात. आम्ही मात्र त्यांना शिलालेखांपाशी थांबवतो. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी या लेणीसमूहांच्या परिसरातील लेखांत श्रेणींचे, म्हणजे एका व्यवसायातील लोकांच्या संघांचे उल्लेख आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धम्मकार्यासाठी ठेवी ठेवल्या गेल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत हाताने काम करणारा माणूस संघटित होता व विश्वासास पात्र मानला जात होता, याची ही साक्ष आहे.

काळाच्या ओघात तो मान हरपला. आधुनिक काळात कामकऱ्याला पुन्हा एकत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांचे मूळ गाव आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातील कन्हेरसर होय. ते म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज त्याच तालुक्यातील चाकणच्या कारखान्यांत काम करतात. यंत्रे बदलली, काम बदलले, आता आम्ही काय करावे, असे ते भेटीत विचारतात. त्यांच्यासाठी हे चरित्र आम्ही येथे मांडत आहोत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असताना, १८५३ मध्ये, मुंबईहून ठाण्यापर्यंत देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्या काही वर्षांत मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या शेतीत व मळ्यात गेल्या, त्या समाजातील मुलापुढे अगदी नवे जग उघडत होते. लोखंडे यांनी ठाण्यातच शालेय शिक्षण घेतले आणि त्या बळावर ते रेल्वे व टपाल खात्याच्या नोकरीत शिरले. तेथून ते मुंबईत मांडवी येथील गिरणीत स्टोअरकीपर झाले.

स्टोअरकीपर हे पद मोक्याचे असते. मालाची आवकजावक, हिशेब, मालकाची निकड आणि कामगारांची हालत, सारे त्याच्या नजरेसमोरून जाते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणारे काम, दुपारी विश्रांती नाही, आठवड्याची सुटी नाही आणि महिनोन् महिने तुंबणारा पगार लोखंडे यांनी जवळून पाहिला. साक्षरतेने मिळालेल्या खुर्चीवर स्वस्थ बसणे त्यांना शक्य होते. परंतु १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे संस्कार त्यांच्यावर झाले होते. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावून हायकोर्टापर्यंतचा दावा पत्करला, ते याच विचाराच्या जोरावर.

नोकरीनंतर लोखंडे यांनी वृत्तपत्राचे क्षेत्र स्वीकारले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ बंद पडले होते. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालू केले. गिरणीतले त्यांचे ज्ञान आता छापील अक्षरांत उतरू लागले.

येथे त्यांचा एक उणेपणाही नोंदवला पाहिजे, कारण इतिहास शिकवणाऱ्याने तो झाकणे योग्य नव्हे. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची दोन प्रकरणे छापल्यावर ‘दीनबंधु’ने पुढचा मजकूर थांबवला. जोतीरावांनी या भित्रेपणाची नोंद ग्रंथातच करून ठेवली. गुरूचा असा ठपका बसूनही लोखंडे यांनी कार्य सोडले नाही, हे अधिक महत्त्वाचे.

१८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः बालकामगारांपुरता होता. १८८४ साली सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे गेले. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनजवळ सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. तरीही तिचा आवाज सरकारला ऐकावा लागला.

पुढची सहा वर्षे धीराची गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्या वर्षीच्या फॅक्टरी आयोगाच्या कामातही लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक झाली आणि स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसाला अकरा तास ठरली.

लोखंडे यांचे कार्य गिरणीच्या आवारात थांबले नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी राणीच्या बागेत कामगारांना एकत्र आणून सलोख्याचे आवाहन केले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा ते रुग्णसेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाईही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.

लोखंडे यांच्या पश्चात एक दार बंदच राहिले होते. गिरणीच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागते म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे प्रवेश नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगार कायद्यांचा पाया विस्तारला. लोखंडे यांनी कामगाराला विश्रांतीचा दिवस मिळवून दिला. कामाच्या ठिकाणी समान माणूस म्हणून उभे राहण्याचा लढा बाबासाहेबांनी पुढे नेला.

तथागतांनी अनित्यता सांगितली. नोकरी, यंत्र, पद यांपैकी काहीच स्थिर नाही. लोखंडे रेल्वे, टपाल, गिरणी आणि छापखाना अशा चार जगांत वावरले; प्रत्येक ठिकाणी नवे काम शिकले आणि तेथे शिकलेले पुढच्या कामी आणले. त्यांची प्रगती पगाराच्या आकड्यात मोजता येणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांनीही नवे कौशल्य निःसंकोच आत्मसात करावे, वरच्या पदावर जावे. आणि तेथे पोहोचल्यावर कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या भावंडांची हजेरी, पगार व सुटी यांची विचारपूस करावी. रविवारी घरी येणाऱ्या प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला ही सुटी कोणी मिळवली हे एकदा सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.