साडेतीन हातांची तालीम : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

युजेन सँडो हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून जगभर पसरले. प्रशियात जन्मलेला हा मल्ल रंगमंचावर आपल्या पीळदार शरीराचे प्रदर्शन करी आणि घरबसल्या तसे शरीर कसे कमवावे याची पुस्तके व साधने विकत असे. बळ कसे मिळवावे हे सांगणारे त्याचे प्रसिद्ध पुस्तक १८९७ मध्ये निघाले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील औंध या लहानशा संस्थानच्या राजपुत्राने सँडोची पुस्तके आणि त्याने सांगितलेली झाडून सारी साधने विकत घेतली आणि त्याच्या सूचनांबरहुकूम व्यायामास आरंभ केला. राजपुत्राचे वय एकोणतीस होते. पुढे सूर्यनमस्काराला देवघरातून बाहेर काढून शाळेच्या मैदानावर आणि तेथून सातासमुद्रापार नेणारे ते हेच श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. नमस्काराचा हा पुरस्कर्ता मुळात डंबेल्सचा भक्त होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. परंतु त्यांचे चरित्र समजून घ्यायचे तर आरंभ तेथूनच केला पाहिजे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी.ए.ची पदवी घेतली आणि काही काळ वडिलांच्या कारभारात काम केले. औंध हे संस्थान नावाने मोठे आणि विस्ताराने बेताचे होते. पाचशे चौरस मैलांच्या आसपास मुलूख आणि बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. औंध, कुंडल व आटपाडी हे भाग एकमेकांपासून दूर, तर गुणदाळ हा तालुका थेट विजापूर जिल्ह्यात, कन्नड मुलखात. बराचसा प्रदेश अवर्षणाचा. अशा संस्थानच्या राजपुत्राला विलायती साधने मागवता येत होती, प्रजेला मात्र ती स्वप्नातही परवडणारी नव्हती. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा पाहता हे अंतर त्यांना केव्हातरी जाणवले असावे.

सँडोची पद्धत त्यांनी हौसेखातर चार दिवस करून सोडली नाही. पुरी दहा वर्षे ते नियमाने ती करीत राहिले. त्या पद्धतीत शास्त्र होतेच. हलकी डंबेल्स घेऊन एकेका स्नायूवर मन एकाग्र करावयाचे, हालचालींची संख्या हळूहळू वाढवावयाची आणि छाती, दंड, मांडी यांची मापे नोंदवून ठेवावयाची. मराठी तालमीतल्या जोर-बैठकांना आणि मुद्गलांना मापाची ही शिस्त फारशी ठाऊक नव्हती. बाळासाहेबांच्या पुढील लिखाणात स्थिती, श्वास आणि संख्या यांविषयी जो नेमकेपणा दिसतो, त्याची सवय या दहा वर्षांत लागली असावी, असे मानावयास जागा आहे.

१९०८ मध्ये मिरजेचे अधिपती, तेही बाळासाहेबच, बाळासाहेब पटवर्धन, यांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. तेव्हा पंतप्रतिनिधींचे वय चाळिशीला टेकले होते. नमस्कार ही काही त्यांची निर्मिती नव्हे. महाराष्ट्रात समर्थ रामदासांच्या परंपरेशी नमस्काराचे नाते सांगितले जातेच, आणि व्रत म्हणून किंवा नवस फेडण्यासाठी सूर्याला नमस्कार घालणारी माणसे गावोगाव होती. ज्याला नमस्कार हवा त्याने तो देवासाठी घालावयाचा आणि ज्याला बळ हवे त्याने तालमीत जावयाचे, अशी सरळ वाटणी होती. बाळासाहेबांनी ती मोडली. नमस्कार हा सर्वांगाचा पद्धतशीर व्यायाम आहे, तो पुरुषांनी, स्त्रियांनी, मुलांनी, वृद्धांनी आपापल्या घरी करावा, आणि तोही रोज, हे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर आले आणि हे म्हणणे राजाचे म्हणणे झाले.

या व्यायामाला लागते तरी काय? माणूस आडवा होईल एवढी जागा, म्हणजे साडेतीन हात जमीन. साधन म्हणून बाळासाहेबांनी एकच वस्तू सुचवली : जमिनीवर अंथरायला चौकोनी कापडाचा एक तुकडा. हात कोठे टेकावयाचे याची खूण त्या कापडाने राहते आणि तळवे एकदा टेकले की उभे राहीपर्यंत जागचे हलवावयाचे नाहीत, या नियमाला आधार मिळतो. घरातील जुन्या धोतराचा वा लुगड्याचा तुकडाही त्यासाठी चालण्यासारखा होता. सँडोच्या खोक्यांपासून या फडक्यापर्यंतचा प्रवास हे त्यांच्या व्यायामविचाराचे सार आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या. ताठ उभे राहून हात जोडणे, गुडघे न वाकवता पुढे वाकून तळवे जमिनीला लावणे, एक पाय मागे नेणे, मग दुसराही मागे नेऊन शरीराचा भार हातापायांवर तोलणे, साष्टांग टेकणे, छाती वर उचलून कमान करणे, आणि मग त्याच क्रमाने उलट येत पुन्हा उभे राहणे. श्वास केव्हा घ्यावयाचा, केव्हा रोखावयाचा, केव्हा सोडावयाचा हे ठरलेले. सोबत बीजाक्षरे आणि मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची नावे. या उच्चारांच्या कंपनांचा छातीवर व पोटावर परिणाम होतो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिला ते शास्त्र म्हणत. त्या श्रद्धेबद्दल आज कोणी शंका घेतली तरी हालचालींतील व्यायाम त्यामुळे कमी होत नाही.

वजन न उचलता बळ कसे वाढते, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात असणार. उत्तर असे, की वजन उचलले जातेच, फक्त ते स्वतःचे असते. दोन्ही पाय मागे गेल्यावर देहाचा मोठा भार दंडांवर आणि खांद्यांवर येतो. साष्टांग टेकून पुन्हा छाती उचलताना दंड, छाती व पाठ एकत्र काम करतात. पाय पुढे आणताना पोट आवळावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या देहाचा भार आणि धिप्पाड गड्याला त्याच्या देहाचा, म्हणजे ओझे ज्याचे त्याला बेताचेच मिळते. निरनिराळ्या वजनांचे जोड विकत घेण्याचे कारण उरत नाही. वाढवायची ती संख्या आणि गती, तीही क्रमाक्रमाने. थोड्या नमस्कारांनी आरंभ करून महिनोन्महिने संख्या चढवत नेण्यावर बाळासाहेबांचा कटाक्ष होता. एका दिवसाच्या उत्साहात शंभर घालून आठवडाभर अंग धरून बसणाऱ्याचा त्यांच्या पद्धतीला उपयोग नव्हता.

पण त्यांचे सारेच दावे जसेच्या तसे स्वीकारण्याची गरज नाही. नमस्काराने जवळजवळ प्रत्येक व्याधी दूर राहते, असा त्यांच्या लिखाणाचा सूर आहे आणि तो उत्साहाच्या भरातला आहे. शिवाय नमस्कारात ढकलण्याची, वाकण्याची, ताणण्याची क्रिया भरपूर असली तरी ओढण्याची क्रिया जवळपास नाही. मल्लखांबावर चढणाऱ्याच्या किंवा विहिरीतून पोहरा ओढणाऱ्याच्या पाठीला व पंजाला जे बळ येते, ते नुसत्या नमस्काराने येत नाही. संख्येने दम वाढतो. अवजड ओझे एका झटक्यात उचलण्याची ताकद वेगळ्या मेहनतीने येते. बाळासाहेबांनी स्वतः दहा वर्षे डंबेल्स उचलल्यानंतर नमस्कार धरला होता, हेही येथे विसरता येत नाही. त्यांचे अंग कोरी पाटी नव्हते.

तथापि, त्यांनी जे सांगितले ते आधी स्वतःच्या घरात केले. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुले यांचेही रोज नमस्कार होत. त्या काळी घरंदाज स्त्रीने व्यायाम करावा हे सांगणे आणि तिने तो खरोखर करणे, दोन्ही धाडसाचेच होते. मग संस्थानातील शाळांत मुलामुलींसाठी नमस्कार सक्तीचे झाले. सक्तीने व्यायामाची गोडी लागते का, हा प्रश्न कोणत्याही शाळेला पडतो आणि औंधच्या शाळांतही कंटाळणारी मुले असतीलच. फरक एवढाच, की सक्ती करणारा राजा स्वतः पहाटे तेच करीत होता आणि व्याख्याने देताना नमस्कार घालून दाखवीत होता. व्यायामासोबत आहाराकडेही त्यांचे लक्ष असे. हातसडीचा तांदूळ, दूध, भाजीपाला यांचा ते आग्रह धरीत. चहा आणि तंबाखू यांना त्यांचा सक्त विरोध होता.

१९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले. अडुसष्ट वर्षांच्या या राजाची तब्येत पाहून लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकाच्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाई चकित झाल्या आणि त्यांनी नमस्कारांविषयी लेख लिहिले. त्यांच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनमध्ये बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात दहा स्थितींचा हा व्यायाम आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग म्हणून मांडला होता. सँडोची पुस्तके लंडनहून औंधला आली त्याला तेव्हा सुमारे चाळीस वर्षे झाली होती. सँडो बाळासाहेबांहून वर्षभराने मोठा. तो १९२५ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. त्यावरून दोन पद्धतींची तुलना करणे अन्यायाचे होईल, पण योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

नमस्काराच्या या लाटेचे पडसाद बंगळुरूतही उमटले. येथे के. व्ही. अय्यर हे व्यायामशाळा चालवीत होते आणि टपालाने धडे पाठवून दूरदूरच्या तरुणांना घरच्या घरी शरीर कमावण्यास शिकवीत होते. त्यांचे सूर्यनमस्कारांवरील पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. अय्यरांनी बाळासाहेबांप्रमाणे वजने बाजूला ठेवली नाहीत. बारबेल आणि योगासने यांची त्यांनी सांगड घातली, आणि नमस्कारात जे उणे राहते ते अशा जोडीने भरून निघते. पुढे कन्नड वाचकांनी याच अय्यरांना 'शांतला' या कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले.

बंगळुरूशी औंधचा आणखी एक धागा आहे. येथील सरकारी विद्युत कारखान्यात मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते काम करीत होते. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्या ओळखीतून ते औंधला गेले आणि तेथे एक वेगळेच काम उभे राहिले. १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि फ्रीडमन यांच्या साहाय्याने औंधची राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार आला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंती व बेड्या नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली, व्ही. शांताराम यांच्या 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. कोणाचे बळ कोणाच्या साधनांवर अवलंबून राहू नये, हा विचार त्यांनी व्यायामात आधी करून पाहिला होता, एवढे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर दिसते.

बाळासाहेबांच्या आयुष्यात याशिवाय इतके काही आहे की त्याचा नुसता उल्लेखच येथे शक्य आहे. ते चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये निघाले. ते कीर्तनकार होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले तेव्हा त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आजही पाहता येते.

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. आज शाळाशाळांतून शिकवल्या जाणाऱ्या सूर्यनमस्कारात बारा स्थिती मोजतात. त्यांच्या दहा स्थितींशी ताडून पाहिले तर वाढलेल्या दोन चटकन सापडतात : आरंभी आणि अखेरीस हात डोक्यावर नेऊन मागे वाकण्याच्या. मधल्या स्थिती औंधच्याच आहेत, आणि तळवे एकदा टेकले की हलवावयाचे नाहीत हा नियमही. मुले नेमकी तेथेच चुकतात. अंथरलेल्या कापडाची कड डोळ्यांसमोर असली की ती चूक कमी होते.