डॉ. प्रफुल्लकुमार सेन : हृदयारोपणाचे भारतीय अग्रदूत



आपल्या मिहानात एम्सच्या भव्य इमारती उभ्या आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी या संस्थेचे उद्‌घाटन झाले. डॉक्टर होण्याची इच्छा बाळगणारी आपली मुलेमुली त्या फाटकासमोरून जाताना क्षणभर थबकत असतील. म्हणूनच नागपुरात वाढलेल्या एका मुलाची जीवनकथा आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यास झाला. बालपण मात्र नागपुरात गेले. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी ठरली. या संस्थेचा इतिहास ध्यानात घ्या. १९२६ साली ती सुरू झाली, तेव्हा तेथे भारतीय डॉक्टरांचीच नेमणूक व्हावी, अशी देणगीदारांची अट होती. संधी मिळाल्यास आपली माणसे कोणाहून कमी नाहीत, हे तिला सिद्ध करावयाचे होते. रुग्णालय महानगरपालिकेचे, तेव्हा येणारा रुग्ण बहुधा गरीब, परळ-लालबागच्या चाळींतला.

सेन यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे उच्च प्रशिक्षण घेतले आणि ते परत आले. त्या काळी संधिवाती तापाने असंख्य तरुणांच्या हृदयाची झडप आकुंचित होत असे. हृदय चालू असतानाच त्यात बोट घालून ती झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजविणाऱ्यांत सेन अग्रभागी होते.

परंतु केवळ शस्त्र चालविणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू हृदयाच्या पोकळीतील रक्तावरच बरेचसे पोसले जातात, हे त्यांनी हेरले. मग माणसाच्या हृदयस्नायूलाही बारीक छिद्रे पाडून रक्त पुरविता येईल काय, असा विचार त्यांनी केला. १९६५ साली त्यांनी तो शोधनिबंधातून मांडला. पुढे जगात लेसर किरणांनी असेच उपचार करून पाहण्यात आले, तेव्हा या कामाची आठवण निघाली.

त्याच वर्षी, १९६५ मध्ये, के. ई. एम. मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णास बसविण्याचा प्रयत्न झाला. देशातील अशा पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होता. रुग्ण काही दिवसच जगला. हृदयारोपणाची तयारीही चालू होती. डॉ. जी. बी. पारुळकर आदी सहकाऱ्यांसह कुत्र्यांवर केलेल्या शंभर प्रयोगांचा अहवाल १९६५ सालीच प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसावर पहिले हृदयारोपण केले, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये तो प्रसंग आला. हृदयस्नायूच्या विकाराने खंगलेला २७ वर्षांचा तरुण एकीकडे, डोक्याला जबर इजा झालेली तरुणी दुसरीकडे. सेन यांनी हृदय बसविले. ते धडधडू लागले. मानवी हृदयारोपण करणारे ते जगातील चौथे व आशियातील पहिले शल्यविशारद ठरले. परंतु रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध फार होता. नव्या हृदयाला तो भार सोसवला नाही. सुमारे तीन तासांत सर्व संपले. सप्टेंबरातील दुसरा रुग्ण चौदा तास जगला.

वाचकहो, येथे आपण डोळे झाकून जयजयकार करू नये. मेंदूचा मृत्यू म्हणजेच मृत्यू, असे सांगणारा कायदा तेव्हा भारतात नव्हता. घाई झाली काय, गरीब देशाने इतका खर्च करावा काय, असे प्रश्न लोकांनी विचारले आणि ते अयोग्य नव्हते. परकीय अवयव झिडकारण्याची शरीराची वृत्ती आवरणारी चांगली औषधेही नव्हती. त्या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयारोपणे झाली. बहुतेक रुग्ण दगावले आणि अनेक देशांत हे काम थांबले. मुंबईतही थांबले.

सेन यांना १९६९ साली पद्मभूषण मिळाले. १९८२ साली ते निवर्तले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. ते यश पाहणे सेन यांच्या नशिबी नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत एकदा नापास झालात तर हा माणूस आठवा. त्यांच्या हाती यश आले नाही. पण अपयश त्यांनी लपविले नाही, लिहून ठेवले, आणि पुढच्यांना त्याचा उपयोग झाला. आणि पालकहो, औषधे आली, कायदा आला, तरी कोणीतरी दिल्याशिवाय हृदय मिळत नाही. त्या रात्री एका घरची लेक गेली, तेव्हाच दुसऱ्या घरी आशा उगवली. असा प्रसंग कोणावरही येऊ नये. पण आला तर काय करावयाचे, हे रुग्णालयाच्या दारात नव्हे, आपल्या घरी शांतपणे बसून आधीच बोलून ठेवा.